काष्टीच्या बाजारात शहाणे, आपल्याच दारात भोळे



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. गेले तीन आठवडे लिहू की नको असं चाललं होतं. घरातली फजिती चावडीवर कशाला मांडायची, असं सौ.चं म्हणणं. पण आईच परवा म्हणाली, "लिही. माझं झालं ते झालं, दुसरीचं तरी वाचंल." म्हणून लिहितोय.

झालं असं. मागच्या महिन्यातला शनिवार. आपल्याकडं शनिवार म्हणजे बाजार, सांगायला नको. मी सकाळी सहालाच गाय बघायला बाजारात गेलो. सौ. दौंडला कामाला. थोरली सकाळच्या शाळेत. घरी आई एकटी.

दुपारी दीडला घरी आलो तर ओट्याच्या वर भिंतीला पांढरंशुभ्र पाणी शुद्ध करायचं मशीन. खाली फरशीचा चुरा. दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या टाईल्सला चार भोकं. आणि आई दाराजवळ हातात एक रंगीत कागद धरून बसलेली. मला बघून आधी हसली आणि मग रडायलाच लागली. "मला नको म्हणता आलं नाही रे," एवढंच म्हणाली.

मशीनची किंमत १८,५००. डब्यातले तीन हजार रोख दिलेले. ते दुधाचे पैसे होते. राहिलेल्या १५,५०० चं कर्ज आईच्या आधार कार्डावर, आईच्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीवर, आईचा फोटो काढून. बारा हप्ते, १,४८० चा एक. पोरगा म्हणाला होता "बिनव्याजी". मी दारातच हिशेब केला. बारा हप्त्यांचे झाले १७,७६०. वरचे तीन हजार धरले तर मशीन पडलं २०,७६० ला. सोमवारी श्रीगोंद्यात दुकानात चौकशी केली. तेवढ्याच क्षमतेचं मशीन साडेनऊ हजार, बसवून.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मला एका कंपनीवर राग काढायचा नाही. आज ही आली, उद्या दुसरी येईल. आणि खरं सांगायचं तर मला जास्त राग आपल्या सगळ्यांच्या एका सवयीचा आला, त्याबद्दल बोलायचंय.

आधी बाजाराचं बोलू

मी त्या दिवशी बाजारात काय करत होतो? सात तास एक गाय बघत होतो. दात बघितले. दुसऱ्या वेताची म्हणून सांगत होता, खरं का ते बघितलं. कास हाताने चाचपली, चारी सड पिळून बघितले. दावणीवरनं सोडून चालवली, मागनं बघितली, पुढनं बघितली. दूध काढून दाखव म्हणालो. मालकाने रुमालाखाली हात घेतला, बोटं दाबली, मी हात काढून घेतला. तिथनं उठलो, चहा प्यालो, दुसऱ्या दोन गाया बघितल्या, परत आलो. बरोबर दोन जाणती माणसं होती. शेवटी सौदा जमला नाही आणि मोकळ्या दावणीने घरी आलो. कुणालाही वाईट वाटलं नाही. मालक म्हणाला, "पुढच्या शनिवारी या."

हे काष्टीकराला कुणी शिकवावं लागत नाही. आपल्या आज्या-पणज्यांपासून आपण हे करत आलोय. लांब-लांबचे व्यापारी काष्टीच्या बाजारात येतात, त्यांच्याशी आपण बरोबरीने सौदा करतो. बोटभर खोट असली तरी आपल्या नजरेतनं सुटत नाही.

आणि त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच गावात, माझ्या स्वतःच्या घरात वीस हजाराचा सौदा पाऊण तासात झाला. ना दात बघितले, ना चालवून बघितलं, ना कुणाला विचारलं.

असं का होतं? आई अडाणी आहे म्हणून? अजिबात नाही. ही बाई भाजीवाल्याशी रुपया-दोन रुपयासाठी घासाघीस करते. बचत गटाचा हिशेब तोंडपाठ. फरक जागेचा आहे. बाजारात आपण गिऱ्हाईक असतो. घरात आपण यजमान असतो. बाजारात उठून जाता येतं. स्वतःच्या घरातनं उठून कुठं जाणार? आणि दारात आलेल्याला "जा" म्हणायचं आपल्याला शिकवलेलंच नाही. हे लोक मशीन विकत नाहीत मंडळी, ते आपला हा संस्कार वापरतात.

पाऊण तासात काय काय झालं

मी आईकडनं तीन-चार वेळा नीट ऐकून घेतलं. क्रमाने लिहितो, कारण तुमच्या दारात पण याच क्रमाने होणार.

पहिलं, पोरगं आलं आणि पाणी मागितलं. ऊन होतं. आईने तांब्या-भांडं दिलं. बस म्हणाली.

दुसरं, म्हणाला "मावशी, गावात पाण्याचा सर्व्हे चालू आहे." कुणाचा सर्व्हे ते सांगितलं नाही. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी होतं. आईला वाटलं ग्रामपंचायतीचा असेल.

तिसरं, त्याच भांड्यातल्या पाण्यात पेनासारखं यंत्र बुडवलं. आकडा आला ६४०. तोंड वाकडं करून म्हणाला, "मावशी, हे पाणी पिता तुम्ही?" अर्धं भांडं तो स्वतः प्यालेला होता, हे आईच्या नंतर लक्षात आलं.

चौथं, पिशवीतनं दोन दांड्यांचं विजेचं यंत्र काढलं. एका ग्लासात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. वीज लावली. आमचं पाणी दोन मिनिटांत तपकिरी, वर घाण तरंगतेय. त्याचं पाणी जसंच्या तसं. "हे तुमच्या नातीच्या पोटात चाललंय."

पाचवं, मुतखडा, किडनी, डायलिसिस. आमच्या भावकीत एकाचं डायलिसिस चालू आहे. आई तिथंच खचली.

सहावं, किंमत २६,०००. मग साहेबाला फोन. साहेब म्हणाले आजच्या आज घेतलं तर १८,५००. गावात आज दोनच मशीन शिल्लक.

सातवं, आई म्हणाली मुलाला विचारते. मला फोन लावला. मी बाजाराच्या गोंगाटात, फोन खिशात. तो म्हणाला, "मावशी, घरच्या आरोग्याचा निर्णय तुम्हीच घ्यायचा असतो. मुलाला सरप्राईज द्या."

आठवं, "नुसती नोंदणी करून ठेवतो, घ्यायचं का नाही ते नंतर बघू. मोबाईल द्या." ओटीपी आला. तोही त्यानेच वाचला.

नववं, ओटीपी गेल्याबरोबर बाहेर थांबलेल्या गाडीतनं दुसरा पोरगा ड्रिल घेऊन आत. नंतर बघू म्हणणाऱ्यांची भोकं पाडून पण झाली.

वाचताना तुम्हाला वाटेल, आपण असं होऊ दिलं नसतं. एकट्याने घरी बसून, समोरच्याला चहा पाजलेला असताना, अनुभव घ्या आणि मग सांगा.

त्या तपकिरी पाण्याचं गौडबंगाल

सोमवारी मी फोन करून सांगितलं, मशीन काढून न्या. तर काढायला कुणी आलं नाही, समजवायला दुसरा माणूस आला. जरा मोठा, इस्त्रीची पँट. त्याने परत तेच दोन दांड्यांचं यंत्र काढलं. आमचं पाणी तपकिरी, मशीनचं पाणी स्वच्छ. "बघा, डोळ्यांनी बघा."

आमची थोरली नववीत आहे. ती आतनं चिमूटभर मीठ घेऊन आली आणि म्हणाली, "काका, आता तुमच्या शुद्ध पाण्यात हे टाकून परत लावा ना." तो म्हणाला, असं करत नसतात. मी म्हणालो, करा. केलं. मशीनचं पाणी पण तसंच तपकिरी. तो गप. थोरलीने शाळेत शिकलेलं सगळं सांगितलं.

त्यातलं मला जे समजलं ते असं. त्या यंत्राची एक दांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की पाण्यातनं वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तो तपकिरी रंग त्याच्या दांडीच्या गंजाचा आहे, आपल्या पाण्याचा नाही. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून रंग येत नाही. चिमूटभर मीठ टाका, लगेच येतो. ज्या मिठावर आपण रोज भाकरी खातो तेच मीठ.

आता त्या ६४० चं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं म्हटलंय आणि दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतलंय. ६४० म्हणजे चवीला थोडं जड. विष नाही. आणि उलट बाजू पण ऐका. टीडीएसचा आकडा कमी आला म्हणजे पाणी चांगलं असंही नाही. जंतू त्या पेनाला दिसत नाहीत. नायट्रेट आहे का, फ्लोराईड आहे का, वेगळं करून सांगता येत नाही. कॅनॉलपट्ट्यात आपण वर्षानुवर्षं उसाला खतं टाकतोय, त्यामुळे विहिरी-बोअरचं पाणी तपासलं पाहिजेच. पण ते प्रयोगशाळेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं असं ठरलेलं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, किट कुठंय, हे ग्रामपंचायतीला विचारा. मी पण विचारणार आहे.

मी मशीनच्या विरोधात नाही. पाणी खरंच खराब असेल तर जरूर बसवा. पण आजार आहे का नाही ते औषध विकणाऱ्याने ठरवायचं नसतं.

आता नवीन फेरी: छतावरचं सोलर

हे लिहायचं दुसरं कारण असं की गेल्या पंधरा दिवसांत वाडी-वस्तीवर सोलरवाले फिरायला लागलेत. "मोदी योजना आहे, फुकट वीज आहे, आज नाव नोंदवलं तर सबसिडी, उद्या कोटा संपला." म्हणून नीट लिहून ठेवतो.

योजना खरी आहे आणि चांगली आहे. पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. केंद्राचं अनुदान १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त कितीही असलं तरी जास्तीत जास्त ७८,००० रुपये. हे अनुदान बसवणाऱ्याला मिळत नाही. काम पूर्ण झाल्यावर, तपासणी झाल्यावर, ते थेट तुमच्या बँक खात्यात येतं. म्हणून "सबसिडी मिळवून देण्याचे" वेगळे पैसे कुणी मागितले की तिथंच उठायचं.

बसवणारा योजनेच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी झालेला पाहिजे. यादी पोर्टलवर दिसते. त्यातला कोण निवडायचा हे तुम्ही ठरवायचं. कर्ज लागलं तर सरकारी बँकांचं स्वस्त कर्ज या योजनेला आहे, पोरगं देईल त्याच कंपनीचं घ्यायची सक्ती नाही.

दोन गोष्टी ते सांगत नाहीत. एक, १ किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट वीज होते, म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे. तुमचं बिल काढा, युनिट बघा. महिन्याला ऐंशी युनिट जाळणाऱ्याला ५ किलोवॅट गळ्यात मारायचं कारण काय? अनुदान तर ३ च्या पुढं वाढतच नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. बॅटरी नसलेलं साधं सोलर लाईट गेली की बंद पडतं. दिवसा, कडक उन्हात पण. महावितरणच्या लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. "लाईट गेली तरी तुमचं घर चालू" असं जो सांगेल त्याला विचारा, बॅटरी धरून सांगतोय का? आणि लिहून मागा. लिहून मागितलं की निम्मे तिथंच निघून जातात.

गळती थांबवणारे, वॉटरप्रूफिंगवाले, रंगवाले, यांचंही तंत्र हेच. पावसाळ्याच्या तोंडावर येणार, स्लॅबला हातोडीने ठोकून "पोकळ झालाय" म्हणणार, "माल शेजारच्या गावातनं उरलाय म्हणून अर्ध्या भावात" म्हणणार. आधी भीती, मग घाई, मग भीड. या तीन गोष्टी एका बैठकीत आल्या की समजायचं, सौदा आपला नाही.

कायदा काय म्हणतो आणि कुठं कमी पडतो

आमच्या प्रकरणात काय झालं ते सांगतो. कर्जाचा कागद मोबाईलवर पीडीएफमध्ये आला होता. शनिवारी रात्री थोरलीने तो पूर्ण वाचला. त्यात मुदत लिहिलेली होती, तीन दिवसांत कर्ज परत करता येईल. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की मोबाईलवरून दिलेल्या अशा कर्जाला विचार बदलायची मुदत द्यावीच लागते, किमान एक दिवसाची. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. पण गंमत बघा, मुद्दल आमच्या हातात आलीच नव्हती. ती परस्पर विक्रेत्याच्या खात्यात गेलेली. म्हणजे कर्ज परत करायला मुदत आहे, पण ज्या वस्तूसाठी कर्ज घेतलं ती परत करायला नाही!

आम्ही रविवारीच कर्ज कंपनीला लेखी कळवलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवली, मराठीत बोलून. पक्की पावती दिली नव्हती, तो मुद्दा लावून धरला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. अकराव्या दिवशी येऊन मशीन काढून नेलं, कर्ज बंद झाल्याचा मेसेज आला. रोख दिलेले तीन हजार मात्र "फिटिंग चार्ज" म्हणून गेले ते गेलेच. टाईल्सची चार भोकं आमच्याकडं राहिली.

त्या तीन हजारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तीन हजार काय मोठे नाहीत. पण गप्प बसलो तर पुढच्या दारात त्याचेच सहा होतात.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने थेट विक्रीचे नियम काढले. त्यात स्पष्ट आहे की विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. आल्याबरोबर आपण कोण, कुठल्या कंपनीचे, कशासाठी आलो हे खरं सांगायचं. किंमत, परतीच्या अटी सगळ्या सांगायच्या. चांगले नियम आहेत. पण ते विक्रेत्यांचं जाळं उभारून थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत. एखाद्या डीलरने पगारावर ठेवलेली पोरं म्हणणार, आम्ही त्यात बसत नाही. आणि घरात येऊन विकलेल्या वस्तूचा सौदा सरसकट दोन-चार दिवसांत मोडायचा हक्क आपल्या ग्राहकाला आजही नाही.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून नियम आहे. घरी येऊन विकलं तर कामाच्या तीन दिवसांत ग्राहक काही कारण न देता सौदा मोडू शकतो. युरोपात हीच मुदत १४ दिवसांची आहे, आणि हा हक्क ग्राहकाला सांगितला नाही तर ती आणखी बारा महिने वाढते. तिकडच्या लोकांना अक्कल कमी म्हणून हा नियम केला नाही. घरात बसलेल्या माणसावर जास्त दबाव येतो, हे त्यांनी मान्य केलं म्हणून केला. आपल्या खासदारांना, आमदारांना निवडणुकीत रस्ता-पाणी विचारतो तसं हेही विचारलं पाहिजे. सात दिवसांची मुदत द्या, एवढीच मागणी आहे.

एक गोष्ट हात जोडून

ही पोस्ट वाचून कुणी दारात आलेल्या पोरावर हात उचलू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षेकरी माणसं होती बिचारी. अफवा आणि संशय कुठपर्यंत जातो ते आपल्याच महाराष्ट्राने बघितलंय.

आणि ही पोरं तरी कोण असतात? मशीन बसवायला आलेला ड्रिलवाला पोरगा आयटीआय झालेला होता, शेजारच्या तालुक्यातला. अकराव्या दिवशी तोच मशीन काढायला आला. खाली मान घालून म्हणाला, "दादा, दिवसाला दोन मशीन नाही लागली तर रोज मिळत नाही." आईने त्याला परत पाणी दिलं. मला आधी राग आला, मग वाटलं, बरोबर केलं तिनं. त्याला शिकवणारा आणि त्याच्यावर टार्गेट टाकणारा दारात कधीच येत नाही.

प्रामाणिकपणे फिरून विकणारेही आहेत. मिक्सर दुरुस्तीवाला, गाद्या-गोधड्यावाला, बोहारीण, यांच्याशी आपला पिढ्यांचा व्यवहार आहे. ते पुढच्या महिन्यात परत येतात, म्हणून फसवत नाहीत. परत न येणाऱ्याला घाई असते.

मग करायचं काय

येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. पटत असतील तर या आणि हात वर करा.

१. घरोघर फिरून विकणाऱ्याने आधी ग्रामपंचायतीत नाव, कंपनी, गाडी नंबर, फोन यांची नोंद करावी अशी गावाची विनंती आणि तसा फलक स्टँडवर. बंदी नाही, फक्त नोंद. खऱ्याला अडचण नाही, खोटा आपोआप पुढच्या गावाला जाईल.

२. ग्रामपंचायतीचा, महावितरणचा, सरकारी योजनेचा सर्व्हे असेल तर आदल्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवावं आणि दवंडी द्यावी. दवंडी झाली नसेल तर सर्व्हे नाही, एवढं सोपं.

३. वर्षातनं दोनदा गावातल्या पाण्याच्या सगळ्या स्रोतांची तपासणी करून आकडे फलकावर लावावेत. आकडे आपल्याला आधीच माहीत असले तर पेनवाल्याला घाबरायचं कारण राहत नाही.

आणि घरचा नियम, जो आम्ही त्या दिवसापासून केलाय: दारात आलेली वस्तू त्या दिवशी घ्यायची नाही. कितीही चांगली असो, कितीही स्वस्त असो. रात्र जाऊ द्यायची. ज्याचा भाव उद्या राहत नाही तो भाव आजही खरा नव्हता. ओटीपी कुणाला वाचू द्यायचा नाही, "नुसत्या नोंदणीला" सुद्धा नाही. पैसे ऑनलाईन चोरीला गेले तर लगेच १९३०. फसवून विकलं तर १९१५. हे दोन नंबर आईच्या फोनमध्ये आणि फ्रीजवर दोन्हीकडं लावलेत. तुम्ही पण लावा, आजच. विशेषतः ज्यांची मुलं पुण्याला कंपनीत आणि आई-वडील गावाकडं एकटे आहेत त्यांनी.

शेवटचं सांगतो. पैशाचं दुःख चार दिवसांचं. पण महिना झाला, आई दारात कुणी आलं की आधी माझ्याकडं बघते. पाणी देऊ का, असं डोळ्यांनी विचारते. साठ वर्षं जिनं न विचारता पाणी दिलं ती आता विचारते, हे मला सहन होत नाही. बचत गटात तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं, तर त्याच बैठकीत तिघींनी आपलंही सांगितलं. एकीने तर सुनेपासून लपवून हप्ते भरायला चालू ठेवलेत. फसणाऱ्याला लाज वाटते आणि फसवणाऱ्याला वाटत नाही, हे उलटं करायचंय आपल्याला.

थोरलीने परवा पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावलंय: "पाणी मिळेल. चहा मिळेल. खरेदी आज होणार नाही. माहितीचा कागद ठेवून जावे." आईला ते वाचून दाखवलं. म्हणाली, "हे बरंय. आता मला नको म्हणावं लागायचं नाही."

तुमच्याकडं असं काही झालं असेल तर कमेंटमध्ये लिहा. नाव नको असेल तर मेसेज करा. आणि शनिवारी बाजारात भेटूच, गाय अजून घ्यायची राहिलीय.